रेपो चढला, रोखा उतरला

नमस्कार श्रोतेहो.

कापसाचे पैसे हातात आले की आपल्या खानदेशात त्यांच्या वाटा ठरलेल्या असतात. आधी सोसायटीचं देणं, मग जळगावच्या सराफ बाजारात तोळा-दोन तोळे, आणि त्यातूनही काही उरलं तर बँकेत एफडी. अलीकडे या यादीत सरकारी आणि कंपन्यांचे रोखे, म्हणजे बाँड, सरकारला किंवा कंपनीला दिलेल्या कर्जाचे कागद, येऊ लागलेत. ‘एफडीसारखंच आहे, फक्त व्याज जास्त’ असं सांगून ते विकले जातात. या वाक्याचा पहिला अर्धा भाग चुकीचा आहे. आज बोलायचंय ते त्याबद्दल.

भुसावळचे एक आप्पा आहेत, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने सामान्य माणसासाठी ‘रिटेल डायरेक्ट’ ही सोय सुरू केली. आप्पांनी घरबसल्या खातं उघडलं आणि केंद्र सरकारचा ६.१० टक्क्यांचा, २०३१ साली परतफेड होणारा रोखा घेतला. दर्शनी किंमत १०० रुपये, त्यांना पडला त्याहून थोडा कमी. पुढच्या उन्हाळ्यात मोबाइलवर पाहतात तर त्याच रोख्याचा भाव ९१ च्या आसपास. आप्पांचा जीव खालीवर. ‘सरकार बुडालं का काय रे भाऊ?’

सरकारला काहीच झालं नव्हतं. दर सहा महिन्यांनी व्याज वेळेवर जमा होत होतं. बदलला होता तो बाजारातला व्याजदर. कोविडच्या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो, ४ टक्क्यांवर आणला होता. महागाई वाढली तसा मे २०२२ पासून तो चढत गेला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्के झाला. जून २०२२ मध्येच दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावर साडेसात टक्के सुटू लागले होते. आता नवा रोखा साडेसात देत असताना ६.१० वाला कोण पूर्ण शंभराला घेईल? त्यावरचं व्याज तर छापील, ते बदलत नाही. मग बदलतो तो भाव. ९१ ला घेणाऱ्याला वर्षाला ६ रुपये १० पैसे मिळतात, शिवाय मुदतीअखेर ९१ चे १०० होतात. ही ९ रुपयांची भर वर्षांवर पसरली की त्यालाही साडेसातच पडतात. याला म्हणायचं यील्ड. यील्ड वर गेलं की भाव खाली, यील्ड खाली आलं की भाव वर. यात कुणाची लबाडी नाही, साधा हिशोब आहे.

हा हिशोब मुदतीप्रमाणे जास्त-कमी बोचतो. समजा ७ टक्क्यांचा रोखा आहे, व्याज वर्षातून एकदा, आणि बाजाराचा दर ८ झाला. दोन वर्षं उरली असतील तर भाव साधारण ९८ रुपये २० पैसे. दहा वर्षं उरली असतील तर ९३ रुपये ३० पैसे. तीस वर्षांचा असेल तर ८८ रुपये ७५ पैसे. दर वाढला एकच टक्का, पण लांबच्या मुदतीवाल्याच्या खिशाला भोक मोठं. पैशांची गरज तीन वर्षांनी मुलीच्या लग्नाला लागणार असेल तर तीस वर्षांचा सरकारी रोखा ‘सुरक्षित’ म्हणून घेऊ नका. पैसे बुडणार नाहीत, पण लग्नाच्या तारखेला भाव काय असेल, हे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नरही सांगू शकत नाहीत.

आप्पांनी विकला नाही, म्हणून त्यांचं काही गेलं नाही. २०२५ मध्ये दरकपात सुरू झाली, जूनपर्यंत रेपो ५.५ वर आला, मुदतही जवळ आली, आणि तोच रोखा पुन्हा शंभराच्या आसपास गेला.

एक बारीक गोष्ट, जिच्यावरून नेहमी भांडण होतं. पडद्यावर भाव ९३ दिसतो आणि खात्यातून ९४ रुपये ७५ पैसे जातात. फसवणूक नाही. शेवटचं व्याज मिळून तीन महिने झाले असतील तर त्या तीन महिन्यांचं, म्हणजे ७ टक्क्यांच्या हिशोबाने पावणेदोन रुपयांचं, व्याज विकणाऱ्याचं. ते तुम्ही आधी देता आणि पुढच्या हप्त्यात पूर्ण सहा महिन्यांचं व्याज तुम्हाला मिळतं.

आता कंपन्यांचे रोखे. सरकारी रोख्यावर ७ मिळत असताना कुणी ११ देत असेल, तर वरचे ४ टक्के कशाचे? पैसे परत न मिळण्याच्या शक्यतेचे. जळगाव-धुळ्याकडे पतसंस्थांत ठेवी अडकलेली घरं गावोगाव आहेत, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. रोख्यांवर पतमानांकन असतं, म्हणजे पैसे परत मिळण्याची खात्री किती याचा शेरा, क्रिसिल, इक्रा, केअर या संस्थांनी दिलेला. ट्रिपल ए सर्वांत वरचं. ते जरूर बघा, पण त्यावर डोळे मिटून झोपू नका. आयएल अँड एफएस या कंपनीला जुलै २०१८ पर्यंत ट्रिपल ए होतं आणि सप्टेंबरमध्ये डी, म्हणजे देणी थकली. मार्च २०२० मध्ये येस बँकेचे सुमारे ८,४०० कोटींचे एटी-१ रोखे, म्हणजे बँकेच्या भांडवलात धरले जाणारे जोखमीचे रोखे, शून्य झाले. बँक चालू राहिली, ठेवीदारांचे पैसे राहिले, रोखेवाल्यांचे गेले. बँक अडचणीत आली तर हे रोखे शून्य करता येतील, ही अट त्या कागदांवर आधीपासून छापलेली होती.

आणि विकायचा झाला तर? रावेरला घड कापून ट्रकपाशी आणून ठेवले की व्यापारी भाव पाडतो, कारण केळी थांबत नाहीत हे त्याला माहीत असतं. छोट्या कंपनीच्या रोख्याचं तसंच होतं. घेणारा एखादाच असतो आणि तुमची निकड त्याला कळते. सरकारी रोख्यांनाही दहा-वीस हजारांच्या छोट्या व्यवहारात गिऱ्हाईक लगेच मिळेलच असं नाही.

महागाई थोडक्यात: ७ टक्के व्याज आणि ६ टक्के महागाई, तर खरी कमाई एक टक्का, तीही आयकर कापण्याआधी.

तेव्हा फोनवर कुणी ‘अकरा टक्के, फक्त आजच’ म्हणाला तर त्याला चार गोष्टी विचारा. मानांकन कुणाचं आणि कोणत्या तारखेचं? कर्जाला तारण काय? मुदतीआधी कंपनी स्वतःच पैसे परत करून रोखा बंद करू शकते का? आणि मला सहा महिन्यांनी विकायचा असेल तर घेणार कोण? चौथ्या प्रश्नावर बहुतेक फोन बंद होतात.

नमस्कार.