हार्लेम नदीच्या दोन काठांवर

मॅनहॅटनहून उत्तरेकडे निघालेली 4 क्रमांकाची भुयारी गाडी हार्लेम नदीखालून ब्रॉन्क्समध्ये शिरते आणि यांकी स्टेडियमपाशी उजेडात येते. प्रवास काही मिनिटांचाच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 या काळात जिथे शिकले, ते कोलंबिया विद्यापीठ नदीच्या मॅनहॅटनकडील बाजूला आहे. मॅनहॅटन आणि ब्रॉन्क्स हे न्यू यॉर्क शहराचे दोन्ही विभाग स्वतंत्र काउंटी, म्हणजे जिल्हे, म्हणून मोजले जातात. मॅनहॅटनमध्ये 25 वर्षांवरील दर पाच रहिवाशांपैकी तिघांहून अधिक जणांकडे चार वर्षांची पदवी आहे, तर ब्रॉन्क्समध्ये हे प्रमाण पाचांत साधारण एक इतके खाली येते.

हा आकडा तिथे राहणाऱ्यांचा आहे, तिथे शिकलेल्यांचा नव्हे, हे आधी लक्षात घ्यायला हवे. ब्रॉन्क्समध्ये वाढलेली मुलगी पदवी घेऊन नोकरीसाठी दुसरीकडे राहायला गेली, की तिची पदवी त्या दुसऱ्या काउंटीच्या खात्यात जमा होते. मॅनहॅटनमध्ये मात्र जगभरातून आलेल्या पदवीधरांची भर पडत राहते. शिवाय तीन वर्षे शिकून फी किंवा घरच्या जबाबदारीपायी थांबलेला माणूसही पदवी नसलेल्यांतच मोजला जातो.

ब्रॉन्क्सला शिक्षणाची ओढ नव्हती, असे कोणी म्हणत असेल तर त्याने होस्टोस कम्युनिटी कॉलेजचा इतिहास पाहावा. प्वेर्तो रिकन आणि कृष्णवर्णीय रहिवाशांच्या मागणीतून दक्षिण ब्रॉन्क्समध्ये 1968 साली हे महाविद्यालय स्थापन झाले. होस्टोस ज्याचा भाग आहे, त्या शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाने, म्हणजे सिटी युनिव्हर्सिटीने, 1970 पासून शहरातील प्रत्येक शालान्त उत्तीर्ण विद्यार्थ्याला प्रवेशाची हमी दिली, आणि तेव्हा तिथे शिकवणी शुल्क नव्हते. मग शहराची तिजोरी रिकामी झाली. 1976 मध्ये शुल्क लागू झाले आणि त्याच वर्षी होस्टोसचे वेगळे अस्तित्वही धोक्यात आले. विद्यार्थी, प्राध्यापक आणि आसपासचे रहिवासी रस्त्यावर उतरले, इमारतींत ठाण मांडून बसले, आणि महाविद्यालय टिकले.

अडचण नेमकी कुठे येते, हे 2007 साली सिटी युनिव्हर्सिटीने सुरू केलेल्या ‘असॅप’ योजनेने दाखवून दिले. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना तिने पुस्तकांचा आणि प्रवासाचा खर्च, उरलेले शुल्क आणि नियमित भेटणारा मार्गदर्शक दिला. तीन महाविद्यालयांत झालेल्या तौलनिक चाचणीत, तीन वर्षांत अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण 22 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर गेले. गाडीभाड्यासारखा किरकोळ वाटणारा खर्चही एखाद्याचे शिक्षण थांबवू शकतो, हे मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते.

2022 पासून हेच विद्यापीठ शिक्षण अर्धवट सोडलेल्या प्रौढांना पुन्हा वर्गात बोलावत आहे. पूर्वी मिळवलेले श्रेयांक घेऊन ते परततात. जनगणना खात्याच्या सर्वेक्षणात त्यांची नोंद आजवर ‘महाविद्यालयीन शिक्षण, पदवी नाही’ या रकान्यात होत आली आहे.