जुन्या भातुकलीला नवा रंग नको

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येते आणि तिच्यात आजीची लाकडी भातुकली निघते. चूल, पोळपाट-लाटणं, जातं, उखळ-मुसळ, रवी, एकावर एक बसणारी उतरंड. रंग काळवंडलेला, कुठं टवका उडालेला. मग घरातलं कुणीतरी उत्साहानं म्हणतं, "पॉलिश पेपरनं घासू, ऑइल पेंटचा एक हात मारू, नवीकोरी दिसेल." जुन्या लाकडी वस्तू दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. हात जोडून सांगतो, घासू नका आणि रंगवू नका.

आपल्याकडच्या घरांत सावंतवाडीहून आलेली कातीव खेळणी पुष्कळ सापडतात. त्यांच्यावर असते ती लाख. झाडावरच्या बारीक किड्यांनी तयार केलेली. कातारी लाकूड लेथवर फिरवतो, रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबून धरतो, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडावर बसते. मग केवड्याच्या पानानं चोळून तिला चकाकी आणतात. ही लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि उष्णतेनं मऊ पडते. सॅनिटायझरनं पुसायला गेलात तर धुळीबरोबर रंगही निघून येतो. पुन्हा सांगतो, स्पिरिट नको, सॅनिटायझर नको, कडक ऊन नको. मऊ कोरडं कापड आणि खाचांसाठी मऊ ब्रश. बहुतेक वेळा तेवढंच पुरतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज आलोय, ती सांगतो.

२०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका आजींच्या घरात पाणी शिरलं. पाऊस निसर्गाचा, हे खरं. पण पूररेषेच्या आत भराव टाकून इमारती उठवतात ती माणसंच. नदीची जागा नदीला ठेवा, हे मी भातुकलीवर बोलतानाही म्हणणार आणि चौकटी-दारांवर बोलतानाही म्हणणार.

तर पाणी ओसरलं. आजींच्या ट्रंकेचं झाकण गंजून निखळलेलं, आत गाळ, आणि गाळात त्यांच्या आईची भातुकली. नातवानं मायेनं सगळी भांडी गच्चीवर उन्हात मांडली. थोड्याच वेळात उखळाला उभा तडा गेला. आजी ओरडल्या, "उचल आदी ती!" आणि मला निरोप आला.

गाळ पुरता वाळायच्या आत आम्ही एकेक भांडं साध्या पाण्यात धरून बोटांनी मोकळं केलं. साबण नाही, घासणी नाही. मग जुन्या धोतराच्या तुकड्यांवर जिन्याखाली मांडलं. वारं लागेल, ऊन लागणार नाही, अशा बेतानं. लाखेवर पांढुरकी झाक आली होती. ओलीनं ती येते, घाबरायचं नसतं. जसजसं लाकूड वाळलं, तसतशी ती बरीचशी विरली आणि आतला लाल, हिरवा, पिवळा पुन्हा दिसायला लागला.

पण उतरंडीचं वरचं झाकण काही सापडलं नाही. पांगाऱ्याचं लाकूड फार हलकं. तरंगत दाराबाहेर गेलं असणार. आजी म्हणाल्या, "सावंतवाडीला जाऊया." गडहिंग्लज, आजरा, आंबोली करत आम्ही घाट उतरलो. उतरंड त्यांनी लुगड्यात गुंडाळून मांडीवर धरलेली.

चितारआळीतल्या एका कारागिरानं वरचं मडकं हातात घेतलं, काठावरून नख फिरवलं, आतली खाच बघितली आणि काही न विचारता पांगाऱ्याचा तुकडा लेथला लावला. बघता बघता झाकण उतरलं. लाखेची लाल कांडी टेकली, केवड्याचं पान फिरलं, आणि ते झळझळायला लागलं. इकडं जुना लाल रंग पार विटकरी झालेला. कारागीर म्हणाले, "जरा काळी लाख मिसळून जुन्यासारखं करून देतो. ओळखू यायचं नाही."

मला ते पटलं होतं. आजींनी मात्र झाकण काढून घेतलं. "नवं हाय तर नवं दिसू दे की. पुरात गेलं ते गेलंच. माझ्या पणतीला कळाय नको व्हय, कुठलं माझ्या आईचं आन् कुठलं आत्ताचं?"

श्रोतेहो, संग्रहालयांतले जाणकार हाच नियम पाळतात. दुरुस्ती ओळखू यावी, आणि पुढं कुणाला वाटलं तर ती काढता यावी. शाळा न शिकलेल्या बाईनं तो मला चितारआळीत उभ्या उभ्या सांगितला. आणि चितारआळी तरी आज आहे म्हणून! सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवींनी तिथल्या राजवाड्यात लाखकामाला आणि गंजिफाला, म्हणजे हातानं रंगवलेल्या गोल पत्त्यांना, पुन्हा हात दिला, त्याचे उपकार आहेत. रुखवतात प्लॅस्टिकची भांडी मांडणाऱ्यांनी एकदा तिकडं जाऊन यावं.

वेळ थोडा उरलाय. निखळलेला कान किंवा खुंटा चिकटवायचा तर सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सुतारांचा जुना गोंद, वापरा. ऊब आणि ओल दिली की तो सुटतो. पांढरा गोंद पुढं काढताना लाकूड ओरबाडतो. ठेवताना सुती कापडात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो. पावसाळा संपला की ट्रंक उघडून बघा. एखाद्या भांड्याखाली पिठासारखा भुगा दिसला तर कीड लागलीय, ते भांडं त्याच दिवशी वेगळं काढा आणि जाणकाराला दाखवा.

आणि घरात रांगतं मूल असेल तर जुनं रंगवलेलं खेळणं त्याच्या तोंडात जाऊ देऊ नका. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं; घरगुती रंगांत ते दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडं १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग घासलात तर ती धूळ लेकराच्या पोटात जाईल. म्हणून परत तेच सांगतो. घासू नका, रंगवू नका.

नमस्कार.