समासातली नोंद

साठी ओलांडलेली बरीच मंडळी आज इथे दिसताहेत. तुमच्यापैकी किती जणांची जन्मतारीख 1 जून आहे? बघा, किती हात वर झाले! जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, वडील पोराला घेऊन यायचे, तारीख कुणालाच ठाऊक नसायची. गुरुजी अंदाजाने वय धरून 1 जून लिहून टाकायचे. त्याच तारखेवर माणूस नोकरीला लागला आणि निवृत्तही झाला. मी गुरुजींना दोष देत नाही. जन्म जिथे आधी लिहायला हवा होता तिथे तो लिहिला गेला नाही, किंवा लिहिलेला कुणी शोधला नाही.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा. महाराष्ट्रात तो 1 एप्रिल 1970 पासून लागू झाला. घटना घडल्यापासून 21 दिवसांत कळवायचं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर दवाखान्याने, घरी झालं तर घरच्यांनी. एक गैरसमज मात्र अजून गेलेला नाही: ‘बारसं होऊ दे, मग नोंदवू.’ अहो, नोंदीला नाव लागतच नाही! नोंद आधी करा, नाव नंतर घाला; बारा महिन्यांच्या आत घातलं तर शुल्कही नाही. वर्ष उलटेपर्यंत नोंदच केली नाही, तर मात्र दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय ती होत नाही. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्माचा दाखला हाच पुरावा ठरवला आहे.

मृत्यूच्या बाबतीत आपण आणखी ढिले. दुःखात कागद सुचत नाही, हे मला समजतं. पण पुढे सातबाऱ्यावर वारस लावायला तलाठी मृत्यूचा दाखला मागतो आणि विधवा बाई पाच वर्षांपूर्वीच्या मरणाचे साक्षीदार शोधत फिरते. मी हे पाहिलंय, आणि अजूनही ते आठवलं की जीव तुटतो. तेराव्याला घरात इतकी माणसं असतात. त्यातल्या एकाने ग्रामपंचायतीत जाऊन यावं. या कायद्यात माणुसकीही आहे बरं का. कुणी मृत्यूच्या नोंदीचा उतारा मागितला तरी त्यात मृत्यूचं कारण उघड करता येत नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते कलम 15. नोंद चुकली असेल, तर दुरुस्ती समासात करायची, खाली सही, तारीख. मूळ नोंदीला हात लावायचा नाही. आधी काय लिहिलं होतं, कधी बदललं, कुणी बदललं, सगळं एकाच पानावर राहतं. व्हाइटनर लावलेल्या वहीवर कोण विश्वास ठेवील? म्हणूनच या नोंदवह्या कायम जपायच्या असतात, नष्ट करता येत नाहीत.

आणि 1970 च्या आधी काहीच नव्हतं, असंही नाही. विदर्भात कोतवाल बुक होतं, इकडे गाव नमुना 14; दोन्ही गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्याच. कुणबी नोंदी शोधताना हीच दप्तरं फडक्यांतून बाहेर निघाली. कितीतरी पानं मोडी लिपीत, कडा झडलेल्या. आणि वाचणारे मोजकेच. मोडी शिका, असं मी तरुणांना हात जोडून सांगतो.

माझ्या आईचीही तारीख 1 जूनच. आजी मात्र म्हणायची, ‘गोकुळाष्टमीच्या आसपास झाली ही.’ आई ऐंशीची असताना मी तिच्या माहेरच्या गावचा नमुना 14 काढवला आणि मोडी जाणणाऱ्या एका मित्राला शेजारी बसवलं. 17 ऑगस्ट 1938. आजोबांचं नाव, पुढे नुसतं ‘मुलगी’. नावाचा रकाना कोरा. घरी येऊन तिला सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं, ‘वार कोणता होता रे?’ मी कॅलेंडर काढून पाहिलं. बुधवार होता.