फुटाण्यांची पुडी आणि प्रवेश अर्ज

श्रोतेहो, नमस्कार.

विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे नागपूरच्या घराघरांत सध्या आधार कार्ड, जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला यांच्या झेरॉक्स प्रती काढण्याची धांदल सुरू असेल. हे कागद शाळेच्या कार्यालयाच्या खिडकीतून आत गेल्यानंतर त्यांचे काय होते, याविषयी आज मला बोलायचे आहे. मी या शहरातील एका शाळेचा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो आणि जे सांगणार आहे त्यात दोष माझाच आहे, हे आधीच कबूल करतो.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी आणि माझी पत्नी एका संध्याकाळी फुटाळा तलावावर फिरायला गेलो होतो. तेथे आम्ही गरम फुटाणे घेतले. फुटाणे कागदाच्या पुडीतच घ्यावेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत ते घामेजतात आणि मऊ पडतात, असे माझे फार जुने मत आहे. आणि ते मत नसते तर पुढचे काही कळलेही नसते. फुटाणे संपल्यावर पत्नीने पुडी उलगडली आणि काही न बोलता माझ्या हातात दिली. तो आमच्याच शाळेचा प्रवेश अर्ज होता. वर मुलाचा फोटो टाचलेला होता आणि त्यावर मिठाचे कण चिकटले होते. खाली नाव, जन्मतारीख, जात, घरचा पत्ता, वडिलांचे मासिक उत्पन्न, आईचा मोबाईल क्रमांक आणि सर्वांत शेवटी माझी सही होती.

पत्नी एवढेच म्हणाली, "अहो, बाकीचे कुठे असतील?"

तेव्हा मला आठवले की निवृत्तीच्या आदल्या महिन्यात अडगळीची खोली रिकामी करण्याचा आदेश मीच दिला होता. "जुने कागद काढून टाका," असे मी शिपायाला सांगितले होते आणि त्याने ते इमानेइतबारे काढून टाकले होते. फुटाणेवाल्याकडून पत्ता घेऊन मी दुसऱ्या दिवशी सकाळी इतवारीतील एका रद्दीच्या दुकानात पोहोचलो. दोन गठ्ठे शिल्लक होते. भाव ऐकून मी चकित झालो, तेव्हा दुकानदार शांतपणे म्हणाला, "गुरुजी, विकाल तर रद्दी, घ्याल तर माल." ज्या कागदांना आम्ही शाळेत कचरा समजलो होतो, त्यांची किंमत त्या दुकानदाराला माझ्याहून अधिक कळत होती.

ते गठ्ठे घरी आणून मी रात्री उशिरापर्यंत चाळत बसलो, कारण त्यात मला एक विशिष्ट अर्ज शोधायचा होता. काही वर्षांपूर्वी एक बाई मुलीच्या प्रवेशासाठी आल्या होत्या. वडिलांविषयीचे रकाने त्यांनी कोरे सोडले होते. ते भरल्याशिवाय अर्ज घेता येणार नाही, असे मी सांगितले, तेव्हा नवऱ्याने घर सोडल्याचे त्यांनी खालच्या आवाजात सांगितले आणि विचारले, "सर, हे कोणी वाचणार तर नाही ना?" मी ठामपणे उत्तर दिले होते की शाळेचा कागद शाळेबाहेर जात नाही.

श्रोतेहो, त्या रकान्याची आम्हाला खरोखर गरज होती का? मुलीला गणित शिकवण्यासाठी तिच्या वडिलांनी घर का सोडले, हे माहीत असावे लागत नाही. जी माहिती घेतलीच नाही, ती रद्दीत जात नाही. म्हणून शाळेने काहीही मागितले की पालकांनी तीन गोष्टी विचाराव्यात: कशासाठी, कोणाकडे आणि किती दिवस. माहिती कशासाठी हवी, ती कोणाकडे राहणार आणि किती दिवस राहणार? मुले शाळेत कधी आली आणि कधी गेली याची नोंद असलेले दाखल-खारीज रजिस्टर कायम जपावे लागते, हे खरे. पण त्यासोबत जमा झालेल्या झेरॉक्स प्रती कायम जपाव्या लागत नाहीत. काम झाल्यावर त्या फाडून वा जाळून नष्ट कराव्यात, विकू नयेत.

आता गठ्ठ्याची जागा मोबाईलने घेतली आहे. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर सगळ्या मुलांची यादी एकदम टाकली जाते आणि तिच्यात शिक्षणहक्क कायद्याच्या 25 टक्के जागांवर आलेली मुले कोणती, हेही एखाद्या रकान्यात दिसते. रद्दी निदान परत विकत तरी घेता येते. ही यादी परत आणता येत नाही.

कायद्याविषयी थोडक्यात सांगतो. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या पीठावर आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते आणि त्यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिले होते, याचा मला नागपूरकर म्हणून अभिमान वाटतो. पुढे सप्टेंबर 2018 च्या निकालाने शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, हेही स्पष्ट झाले. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक केली आहे आणि मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली आहे. शाळांना अभ्यास व सुरक्षेपुरती काही सूट आहे. मात्र हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. केवळ कागदावर राहिलेली माहिती त्याच्या कक्षेत येत नाही, म्हणजे माझ्या फुटाण्यांच्या पुडीला तो लागू झाला नसता. त्या पुडीचा बंदोबस्त शाळेनेच करावा लागेल.

पालकांनी शक्य तेथे शेवटचे चारच अंक दिसणारे आधार द्यावे आणि प्रत्येक प्रतीवर ती कोणत्या कामासाठी दिली ते तारखेसह पेनाने लिहावे. आणि विचारावे, पुन्हा सांगतो: कशासाठी, कोणाकडे, किती दिवस. प्रश्न विचारणारा पालक भांडखोर असतो, असा समज आम्हा मुख्याध्यापकांमध्ये आहे. मीही तो अनेक वर्षे बाळगला होता.

त्या बाईंचा अर्ज त्या दोन गठ्ठ्यांत मला सापडला नाही. उरलेले गठ्ठे आधीच विकले गेले होते. आजही फुटाळ्यावर पुडी घेतली की मी फुटाणे आधी रुमालात ओततो आणि कागद उलगडून पाहतो.

नमस्कार.