दोन गोळ्यांच्या मधला वेळ

(साताऱ्यात नेमबाजी शिकणारी मुलं, त्यांचे पालक आणि माजी सैनिक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. सातारकरांना नेम कशाला म्हणतात हे सांगायची गरज नाही. २०२३ साली बर्लिनमध्ये आपल्या अदिती स्वामीनं वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंड तिरंदाजीचं जगज्जेतेपद मिळवलं. शेजारच्या कोल्हापूरनं तेजस्विनी सावंत दिली, राही सरनोबत दिली, आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ जिंकलं. या सगळ्यांच्या खेळात एकदा जागा घेतली की शरीर हलू द्यायचं नाही. विजय कुमारला २०१२ मध्ये लंडनला रौप्य मिळालं त्या २५ मीटर रॅपिड फायरमध्ये ४ सेकंदांत ५ लक्ष्यांवर ५ गोळ्या जातात. तिथं हात झपाट्यानं फिरतो, पण पाय जागचे हलत नाहीत.

आज ज्या खेळाबद्दल बोलायचंय, तो पायांनी खेळायचा आहे. प्रॅक्टिकल पिस्तूल शूटिंग. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी, १९७६ साली अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या कोलंबिया गावी स्थापन झाली. जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. अचूकता, ताकद आणि वेग या तिन्हींचा तोल हे तिचं ब्रीद. खेळाडूचं पिस्तूल होल्स्टरमध्ये असतं. रेंज ऑफिसर ‘स्टँडबाय’ म्हणतो, टायमरचा बीप वाजतो, आणि मग भिंतींच्या आडून, खिडक्यांतून, वेगवेगळ्या जागांवरून पुठ्ठ्याची आणि लोखंडी लक्ष्यं टिपत खेळाडू पुढं जातो. कुठलं लक्ष्य आधी, कुठलं नंतर, कुठं थांबायचं, हे बहुतेक वेळा त्याचं त्यानं ठरवायचं असतं.

या खेळाच्या नियमांतलं एक कलम मला फार बोलकं वाटतं. लाँग कोर्समध्ये, म्हणजे सामन्यातल्या सगळ्यात मोठ्या प्रकारच्या टप्प्यात, जास्तीत जास्त ३२ गोळ्यांची मांडणी करता येते, आणि कुठल्याही एका जागेवरून ९ पेक्षा जास्त फटके मारावे लागतील अशी रचना चालत नाही. आता हिशोब करा. तीन जागांवरून २७ होतात. म्हणजे ३२ गोळ्यांचा कोर्स पुरा करायला किमान चार जागा लागणार. नियम करणाऱ्यांनीच या खेळात पायांची चाल घातलेली आहे. तरीही आपली मुलं वर्षभर सराव करतात तो एका जागी उभं राहून. याबद्दल मला मनापासून तळमळ वाटते, म्हणून आज इथं आलो.

गुणांचा हिशोब समजून घ्या, म्हणजे मी पायांवर इतका भर का देतोय ते कळेल. पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर ए, सी आणि डी असे भाग असतात. कमी ताकदीच्या काडतुसाला, म्हणजे मायनरला, त्यांचे ५, ३ आणि १ गुण. जास्त ताकदीच्या, म्हणजे मेजरला, ५, ४ आणि २. नेम चुकला तर उणे १०. या गुणांच्या बेरजेला लागलेल्या सेकंदांनी भागायचं. येईल तो हिट फॅक्टर. ज्याचा सगळ्यात मोठा, त्याला त्या स्टेजचे, म्हणजे सामन्यातल्या त्या टप्प्याचे, पूर्ण गुण, बाकीच्यांना त्या प्रमाणात.

समजा सहा लक्ष्यं आहेत, प्रत्येकावर दोन गोळ्या, मायनर. सगळे ए लागले तर ६० गुण. एकानं हे १० सेकंदांत केलं, हिट फॅक्टर ६. दुसऱ्याचे तीन फटके सी मध्ये गेले, गुण ५४, पण वेळ साडेआठ सेकंद. त्याचा हिट फॅक्टर ६.३५. दुसरा जिंकला. आता हेच उलट बाजूनं बघा. हिट फॅक्टर ६ च्या आसपास असताना एक सेकंद साधारण ६ गुणांचा असतो. ए च्या ऐवजी सी लागला, २ गुण गेले, म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा गेला. गोळी पूर्ण चुकली तर ५ बुडाले आणि वर १० दंड, १५ गुण, म्हणजे अडीच सेकंद. अडीच सेकंद पळून कुणी भरून काढत नाही. म्हणून पोरांनो, वेग म्हणजे बोट घाईनं ओढणं नव्हे. बोटाच्या घाईतून मिळतात सेकंदाचे शंभरावे भाग, आणि जातात अख्खे सेकंद.

मग वेळ वाचवायचा कुठं? तुमच्या खिशातला मोबाइल काढा. त्याचा साधा व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रं घेतो. दहा चित्रं म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा, म्हणजे आताच्या हिशोबानं एक ए जाऊन सी लागणं. नवशिक्याचा व्हिडिओ एकेक चित्र पुढं सरकवत बघा. पहिल्या जागेवरची शेवटची गोळी सुटली. पिस्तूल वर उचललं गेलं, परत खाली आलं, आणि तो अजून त्याच लक्ष्याकडे बघतोय. मग मान वळली. मग वाकलेले गुडघे सरळ झाले, अंग उंच झालं. मग ज्या दिशेला जायचंय त्याच्या उलट दिशेला पाय अर्धं पाऊल सरकला, रेटा घ्यायला. आणि आता कुठं तो निघाला. चित्रं मोजा. सहज दहा-बारा होतात. त्या मुलाची एकही गोळी वाईट गेलेली नाही. एक सी लागला तर तो दिवसभर हळहळतो, आणि हे गेलेले गुण त्याच्या लक्षातही येत नाहीत.

आपल्याकडची मुलं खो-खो खेळून मोठी होतात. खो मिळालेला गडी आधी ताठ उभा राहतो का? बसल्या जागेवरनं वाकलेल्या अंगानंच सुटतो. जागा सोडताना तेच करायचं. त्या जागेवरच्या शेवटच्या लक्ष्यावर येईपर्यंत वजन निघायच्या दिशेच्या पायावर झुकू लागलेलं असावं, गुडघे वाकलेले असावेत, आणि शेवटची गोळी सुटल्याबरोबर विरुद्ध पायानं जमीन रेटावी. उजवीकडे जायचं तर डाव्या पायानं रेटा. उलट दिशेचं ते अर्धं पाऊल टाळायचं असेल तर उभं राहतानाच पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद ठेवावे लागतात. रेंजवर शिकलेली सुबक, जवळजवळ पायांची ठेवण इथं नडते. त्या जागेवरचं सोपं लक्ष्य शेवटी ठेवा, कारण निघता निघता ते टिपता येतं. अवघड लक्ष्य शेवटी ठेवलंत तर पाय त्याच्यासाठी थांबून राहतात.

मधल्या धावेबद्दल फार बोलण्यासारखं नाही. दोन-तीन पावलांचं अंतर असेल तर पिस्तुलावरचे दोन्ही हात सोडू नका, कोपर जरा जवळ घ्या आणि सरका. लांब पळायचं असेल तर एक हात सोडा आणि खरोखर पळा, पण नळीचं तोंड लक्ष्यांच्याच दिशेला राहिलं पाहिजे.

पोहोचणं मात्र निघण्यापेक्षा अवघड. चुका तिथं जास्त होतात. बहुतेक जण जागेवर पोहोचतात, थांबतात, मग पिस्तूल डोळ्यांपर्यंत उचलतात, मग लक्ष्य शोधतात. चार कामं एकामागोमाग एक. चांगल्या खेळाडूची हीच कामं एकात एक मिसळलेली असतात. शेवटच्या दोन-तीन पावलांआधीच पिस्तूल डोळ्यांसमोर आलेलं असतं, हात पुढं ताणलेले, ग्रिप पक्की. पावलं लहान होत जातात आणि कंबर खाली बसते, त्यामुळे थांबताना धक्का पायांत जिरतो, पिस्तुलापर्यंत येत नाही. भिंतीच्या कडेपलीकडे लक्ष्याचा पहिला तुकडा दिसतो तेव्हा फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, तिथं आधीच असते. शेवटचा पाय टेकतो त्या सुमारालाच पहिली गोळी जाते. पहिलं लक्ष्य जवळचं असेल तर त्याच्याही आधी जाते.

इथं डोळ्यांचं काम सगळ्यात मोठं. डोळे पिस्तुलाच्या आधी पोहोचले पाहिजेत. निघताना बघायची ती नेमकी जागा, जिथं पाय थांबणार आहे: खडीतला एखादा वेगळा दगड, लाकडी चौकटीचा कोपरा, जमिनीवरची भेग. ‘तिकडे कुठंतरी’ असं ठरवून निघालेला माणूस हमखास अर्धं पाऊल अलीकडं किंवा पलीकडं थांबतो. मग लक्ष्य भिंतीआड राहतं, परत सरकावं लागतं, आणि वाचवलेला सगळा वेळ तिथंच जातो. स्टेज पाहायला काही मिनिटं मिळतात. त्यात लक्ष्यं तर सगळेच मोजतात. तुम्ही पाय कुठं पडणार तेही पाठ करा, डोळे मिटून सगळी स्टेज दिसेपर्यंत. फ्रान्सचा एरिक ग्राफेल अनेकदा जगज्जेता झाला. त्याचे व्हिडिओ बघायचे असतील तर पहिल्यांदा आवाज बंद करा आणि फक्त कमरेखालचा भाग बघा.

चालता चालता गोळी मारायची की थांबून? माझं मत सांगतो. लक्ष्य जवळ असेल, पाच-सात मीटरवर, तर चालता चालता मारा. गुडघे वाकवून, टाचेकडून चवड्याकडं पाऊल लोळवत, कंबरेच्या वरचं शरीर एका पातळीत ठेवून. लांबचं किंवा अर्धं झाकलेलं लक्ष्य असेल तर थांबा, मारा आणि निघा. चालताना मारणं दिसायला देखणं दिसतं, म्हणून मुलं नको तिथं ते करतात. ठरवायला मोबाइलची आणि टायमरची साक्ष काढा: दोन्ही रीतींनी करून हिट फॅक्टर काढा आणि मोठा येईल ती रीत घ्या. आवडीला इथं जागा नाही.

आता सुरक्षेबद्दल. खरं तर यानंच सुरुवात करायला हवी होती असं काही जण म्हणतील, पण चाल कशी असते हे कळल्यावरच हे नियम नीट समजतात. चालताना, मॅगझिन बदलताना, अडकलेलं काडतूस काढताना बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, आणि ते बाहेर आहे हे रेंज ऑफिसरला दिसलं पाहिजे. नळीचं तोंड समोरच्या दिशेपासून ९० अंशांपलीकडं गेलं तर खेळाडू बाद. पिस्तूल हातातून पडलं तरी बाद. तेही फक्त त्या स्टेजपुरतं नाही, पूर्ण सामन्यातून. उजव्या हाताच्या खेळाडूंनी एक प्रसंग खास लक्षात ठेवावा: उजवीकडून डावीकडं पळत मॅगझिन बदलणं. अंग डावीकडं वळलेलं असतं. पिस्तूल समोर ठेवायचं तर मनगट बाहेरच्या बाजूला मोडावं लागतं. ते मनगटाला अवघड जातं, म्हणून नळी आपोआप पळायच्या दिशेला फिरते आणि ९० अंशांची रेषा ओलांडते. त्यावर उपाय असा की निघताना पहिल्या एक-दोन पावलांतच, अंग पुरतं वळायच्या आत मॅगझिन बदलून घ्यायचं. आणि कमरेवरचं अंग लक्ष्यांकडं ठेवून पायांनी पळायचं. हा सराव मुद्दाम, सावकाश, पुन्हा पुन्हा केला पाहिजे, कारण घाईत शरीर त्याला सोपं वाटेल तेच करतं.

पालकांच्या मनात एक प्रश्न आहे, तो मला इथं बसल्या जागी दिसतोय: आमच्याकडं असं पिस्तूल नाही, अशी रेंज नाही, मग मुलांनी करायचं काय? पहिली गोष्ट, १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांच्या चौकटीबाहेर कुणीही जायचं नाही. ज्यांच्याकडं परवाना आणि पिस्तूल आहे त्यांनी ड्राय फायर, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा सराव, करताना काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवायची, चेंबर स्वतः बघायचं आणि दुसऱ्यालाही दाखवायचं. दुसरी गोष्ट, आज मी जे सांगितलं त्यातलं पाऊणएक काम पिस्तुलाशिवाय होतं. शाहू स्टेडियमवर किंवा घराच्या गच्चीवर पिस्तुलासारखं दिसणारं काहीही हातात घेऊन पळू नका, बघणाऱ्याचा गैरसमज होतो आणि तो होणं योग्यच आहे. हात रिकामे ठेवा. दोन्ही तळवे ग्रिपसारखे जुळवा आणि अंगठ्याचं नख फ्रंट साइट समजा. खडूनं चार खुणा करा, पाच-सहा पावलांच्या अंतरानं. प्रत्येक खुणेसमोर भिंतीवर दोन कागद चिकटवा. एका खुणेवरनं निघा, दुसरीवर पोहोचा, बस एवढंच, आणि दुसऱ्याकडनं व्हिडिओ काढून घ्या. हात कागदावरनं निघाला ते चित्र आणि पुढच्या कागदावर स्थिर झाला ते चित्र, यांच्यामध्ये किती चित्रं आहेत ते वहीत लिहा. पुढच्या आठवड्यात तेच अंतर, तेच कागद, परत मोजा.

दहा मीटर एअर पिस्तूलच्या मुलामुलींनी मनात शंका ठेवू नये. यानं तुमचा एका हातानं, स्थिर उभं राहून मारायचा खेळ बिघडणार नाही. दोन्हीची वेळ वेगळी ठेवा. ट्रिगर न हिसकता सरळ मागं दाबायची जी सवय तुम्ही कमावली आहे, ती इथं सोन्यासारखी आहे. धावून आलेल्या माणसाच्या बोटात ती फार थोड्यांकडं असते.

आणि इथं बसलेल्या फौजी मंडळींना एक सांगतो. वाकून सरकणं, आडोशाची कड ओळखणं, नळी कुठं आहे याचं भान, हे तुमच्या अंगात मुरलेलं आहे. गुडघे आता तक्रार करत असतील तर कंबर जास्त खाली नेऊ नका. पावलं लहान ठेवा आणि थोडी आधी आवरती घ्या. पण मुलांच्या सरावाला उभे राहा. नळीच्या दिशेकडं आणि बोटाकडं सतत बघणारा जाणता माणूस प्रत्येक मुलामागं हवा, आणि असे जाणते या जिल्ह्यात गावोगाव आहेत. बाहेर पटांगणात चार खुणा आखून ठेवल्या आहेत. ज्यांना करून बघायचंय त्यांनी पायात बूट घालून या, मोबाइल शेजारच्याकडं द्या, आणि पहिल्या फेरीत पळू नका, चालतच करा.