रात्री सुकाणू कोण धरणार?

नमस्कार. शिडाच्या बोटीवर राहायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न हमखास ठरलेला असतो: सोलर पॅनल किती वॅटचं घेऊ? मी उलट विचारतो, रात्री सुकाणू कोण धरणार? बोटीवरच्या विजेचा निम्मा हिशेब या उत्तरावर अवलंबून असतो.

दिवे एलईडी झाल्यापासून त्यांचा खर्च नगण्य आहे. मोबाइल, लॅपटॉप हेही किरकोळच. खरी वीज खातो तो ऑटोपायलट, म्हणजे होकायंत्राकडे बघून सुकाणू फिरवत राहणारी मोटर. ३६ फुटी बोटीवर ही मोटर सरासरी चार अँपिअर घेते असं धरू. दिवसरात्र चालवली तर १२ व्होल्टवर ९६ अँपिअर-तास (अँपिअर गुणिले तास) झाले. फ्रिजचे ४०, उपकरणांचे १५, व्हीएचएफ (बोटीवरचा रेडिओ) आणि एआयएस (आसपासची जहाजं दाखवणारं यंत्र) यांचे १२, दिवे नि बाकी चार्जिंगचे १६. बेरीज १८० च्या घरात जाते.

आता जमेची बाजू बघा. डेकवर आडवं बसवलेलं १०० वॅटचं पॅनल कोकणातल्या हिवाळ्यातल्या स्वच्छ उन्हात दिवसाला २५ ते ३० अँपिअर-तास देतं. म्हणजे १८० भागवायला सहा-सात पॅनल हवीत. एवढी जागा ३६ फुटी बोटीवर आणायची कुठून? ऑटोपायलट वजा केला की खर्च ८५ च्या आत येतो आणि साडेतीनशे वॅट पुरतात. तेवढी पॅनल मागच्या बाजूला कमान उभारून नीट बसतात.

मग सुकाणू धरणार कोण? वारा. बोटीच्या मागच्या टोकाला एक हलकं पातं उभं असतं, ते वाऱ्याच्या दिशेला लावून ठेवायचं. बोट वाट सोडून वळली की वारा पात्याच्या कुशीवर बसतो आणि पातं कलतं. त्यासरशी पाण्यात सोडलेलं एक वल्हं थोडं फिरतं, वाहतं पाणी त्या वल्ह्याला बाजूला रेटतं, आणि त्याला बांधलेले दोर सुकाणू ओढून बोट परत वाटेवर आणतात. याला विंडव्हेन म्हणतात. वारा वाढला, बोट वेगात आली, की याची ताकदही वाढते, आणि विजेचा एक कणही लागत नाही. मला हे यंत्र फार आवडतं, हे लपवत नाही. त्याला मर्यादा मात्र आहेत. ते वाऱ्याशी कोन राखतं, दिशेशी नाही. तुम्ही झोपलेले असताना वारा फिरला तर बोटही त्याच्यामागे फिरते. आणि वारा पडला की ते निरुपयोगी.

हे फक्त हौशी लोकांचं नाही. १९६८-६९ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत ब्रिटिश खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ‘सुहैली’ या ३२ फुटी बोटीतून, एकट्याने आणि कुठेही न थांबता, ३१२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती बोट मुंबईत बांधलेली, सागवानाची. तिचं स्वयंचलित सुकाणू ऑस्ट्रेलियाच्या आसपास मोडून गेलं. पुढचं निम्मं जग त्यांनी शिडांचा तोल साधत पार केलं, म्हणजे पुढचं आणि मागचं शीड अशा बेताने ताणायचं की बोट आपणहून सरळ चालावी.

या प्रवासाच्या पन्नाशीनिमित्त २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यत पुन्हा झाली, जुन्याच साधनांनी: जीपीएस नाही, सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून जागा ठरवण्याचं साधन) आणि विंडव्हेन. भारताचे अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ या सुहैलीच्या प्रतिकृतीतून उतरले होते. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळाने बोट उलटली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली. उठता येत नव्हतं. तरी हातात मावणाऱ्या उपग्रह यंत्रावरून ते संदेश पाठवत राहिले, आणि तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. म्हणून मी आग्रहाने सांगतो, संकटातलं यंत्र त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालणारं हवं. केबिनमधल्या मुख्य बॅटऱ्यांवर त्याचा जीव टांगू नका. २०२३ मध्ये हेच टॉमी त्याच शर्यतीत दुसरे आले.

व्हेंडी ग्लोब या एकट्याने, न थांबता करायच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीतल्या ६० फुटी बोटींची गोष्ट वेगळी. त्या इतक्या वेगात जातात की वारा सतत समोरूनच येतोय असं वाटतं; विंडव्हेनला तिथे काही उमगत नाही. ऑटोपायलटला पर्याय नाही. पण त्यांच्याकडे वेग आहे, म्हणून मागे पाण्यात छोटा पंखा सोडून ते वेगातूनच वीज काढतात. आपल्या पाच-सहा नॉटच्या (ताशी दहाएक किलोमीटर) बोटीला ते तितकंसं परवडत नाही.

पॅनल बसवताना सावलीकडे बघा. पॅनलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एक सेल झाकला गेला की सगळी ओळ अडते. भर दुपारी मीटर पाच अँपिअर दाखवत असतो, बूमची (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याची) सावली पॅनलच्या नुसत्या कोपऱ्यावर सरकते आणि आकडा एकाच्या आसपास येतो. प्रत्येक पॅनलला स्वतंत्र कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीत बेताने भरणारं यंत्र) दिला तर एकाची सावली दुसऱ्याला बाधत नाही. वायर कथिलाचा मुलामा दिलेली आणि जाड घ्या. साधं तांबं खाऱ्या हवेत आतून काळं पडतं, आणि १२ व्होल्टवर बारीक वायर म्हणजे वाटेतच वीज सांडणं.

बॅटरी दोन ढगाळ दिवस निभावेल एवढी हवी. ८५ चा खर्च असेल तर १७० अँपिअर-तास वापरता आले पाहिजेत. लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे ३४० ची घ्यावी लागेल. लिथियम आयर्न फॉस्फेटची बरीच खाली उतरवता येते, म्हणून सव्वादोनशेच्या आसपासची पुरते, आणि वजनात मोठी बचत होते.

खरेदीच्या आधी एक करा. बॅटरी मॉनिटर (बॅटरीतून किती वीज गेली ते मोजणारा मीटर) बसवून आठवडाभर बोटीवरच राहा, निदान दोन रात्री तरी शिडं उभारून चालत्या बोटीवर काढा. रोज उजाडताना रात्रीत किती अँपिअर-तास गेले ते वहीत लिहा. ती वही घेऊन या, मग पॅनलचं बोलू.