तिसऱ्या घंटेनंतरचा अंधार

(रंगपट. आरशाभोवतीचे दिवे.)
स्पिरिट गम लावला की जरा थांबायचं, मग क्रेपची दाढी चिकटवायची. घाई केली तर पहिल्याच अंकात घामानं सुटते. आज एका हौशी संस्थेच्या प्रयोगात हा तरुण 'नटसम्राट'मधला म्हातारा नट गणपतराव बेलवलकर होतोय. संहितेवर पेन्सिलीच्या उभ्या रेघा दिसताहेत ना? एक रेघ म्हणजे एक श्वास. 'जगावं की मरावं' या स्वगताचं पान तर रेघांनीच भरलंय.

(जुने फोटो.)
वि. वा. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' 23 डिसेंबर 1970 रोजी रंगभूमीवर आलं. निर्मिती गोवा हिंदू असोसिएशनची, दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं. मुळाशी शेक्सपिअरचा लिअर, मुलींना राज्य वाटून देणारा राजा. पण इथे राज्याच्या जागी निवृत्त नटाची पुंजी आणि तीन मुलींच्या जागी एक मुलगा, एक मुलगी. पहिले गणपतराव डॉ. श्रीराम लागू. हा माणूस कान-नाक-घशाचा सर्जन, आदल्याच वर्षी डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ नट झालेला. त्यांची बायको कावेरी म्हणजे शांता जोग. पुढे गणपतराव म्हणून दत्ता भट आले, सतीश दुभाषी आले. कुणाचं स्वगत सरस, यावर जुने प्रेक्षक अजून हमरीतुमरीवर येतात.

(सिनेमाचं पोस्टर.)
2016 साली महेश मांजरेकरांनी सिनेमा केला, गणपतराव नाना पाटेकर. गर्दी झाली, कौतुक झालं. आमची तक्रार नानांबद्दल नाही, रामभाऊंबद्दल आहे. गणपतरावांच्या नटमित्राचं हे पात्र मूळ नाटकात नाहीच. विक्रम गोखल्यांनी केलंय झकास. इस्पितळातला कर्ण-कृष्णाचा प्रसंग सिनेमातला सगळ्यात जिवंत. पण बरोबरीचा नट कुणी उरला नाही, म्हणून तर गणपतराव स्वतःशी बोलतात! त्यांना दोस्त दिला, हातात ग्लास दिला, की स्वगताचं भाषण होतं. वर पार्श्वसंगीत आहेच.

(रिकामं नाट्यगृह.)
नाटकात हा म्हातारा घर मागतो ते समोरच्या अंधाराकडे. त्या अंधारात आपण बसलेलो असतो, खिशात घराची किल्ली घेऊन. सिनेमात कॅमेरा नाकासमोर. मागायचं कुणाकडे?

आता स्पर्धांमधून पोरं गणपतराव म्हणून नानांची नक्कल करतात. असो.

(विंग. तिसरी घंटा.)
या पोरानंही सिनेमाच आधी पाहिलाय, लागूंना रंगमंचावर पाहायचा योग नव्हता. रेघांचं पान त्यानं विंगेतल्या स्टुलावर ठेवलंय. पडदा वर जातोय.